अस्थिनौका आणि बंदिवासातील बाजार

इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका येथील सागरी वस्तुसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांमध्ये ठेवलेल्या काही लहान युद्धनौका प्रेक्षकाचे लक्ष हटकून वेधून घेतात. प्रथमदर्शनी त्या हस्तिदंताच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक बैलांच्या व मेंढ्यांच्या हाडांपासून घडविलेल्या आहेत, आणि त्या घडविणारे हात युद्धकैद्यांचे होते. १७९३ ते १८१५ या काळात ब्रिटन व फ्रान्स यांच्यामध्ये अल्पशा खंडाने चालू राहिलेल्या युद्धांत जे सैनिक व खलाशी इंग्रजांच्या हाती सापडले, त्यांनी तुरुंगाच्या आवारात बसून या नौका तयार केल्या. मांस शिजवून उरलेले हाड, मोडकी लाकडे, पितळेची तार, तांब्याचा पातळ पत्रा, सूत आणि केस एवढ्या सामग्रीतून शंभर-शंभर तोफांची, तीन तोफमजल्यांची जहाजे उभी राहिली. या कारागिरीविषयी विस्मय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विस्मयाच्या भरात एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. कैद्यांनी युद्धनौकाच का घडविल्या? या प्रश्नाचे रूढ उत्तर भावनात्मक आहे: समुद्राला मुकलेल्या खलाशाने आपले जहाज आठवणीतून पुन्हा बांधले. हे उत्तर सर्वस्वी खोटे नसेलही. तथापि उपलब्ध पुराव्याचा कल निराळ्या दिशेस आहे.

प्रथम बंदिवासाचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. अठराव्या शतकात युद्धकैद्यांची अदलाबदल करण्याची रीत युरोपात बऱ्यापैकी रुळलेली होती आणि कैद ही सहसा काही महिन्यांची गोष्ट असे. मे १८०३ मध्ये ॲमियँचा तह मोडून युद्ध पुन्हा पेटले, तेव्हा नेपोलियनने फ्रान्समध्ये असलेल्या ब्रिटिश नागरिकांस अटकेत ठेवले. ते कैदी मानावयाचे की नाही, यावरून अदलाबदलीची बोलणी फिसकटली. १८१० मध्ये मोर्ले येथे झालेल्या वाटाघाटीही निष्फळ ठरल्या. परिणामी १८०३ मध्ये पकडला गेलेला सामान्य खलाशी १८१४ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, परत जाऊ शकला नाही. अधिकाऱ्यांना वचनावर गावांत राहण्याची मुभा होती. साध्या शिपायांना व खलाशांना ती नव्हती. १८०३ ते १८१४ या अवधीत ब्रिटनमध्ये आणलेल्या कैद्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. एवढ्या माणसांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न नौदलाच्या वाहतूक मंडळापुढे होता. पोर्ट्समथ, प्लिमथ व चॅटम येथील खाड्यांत डोलकाठ्या उतरवून नांगरलेली जुनी जहाजे, पोर्चेस्टरचा जुना किल्ला, १८०९ मध्ये कैदी स्वीकारू लागलेला डार्टमूर येथील दगडी तुरुंग, आणि हंटिंग्डनशायरमधील नॉर्मन क्रॉस हे त्यावरचे तोडगे होते.

यांपैकी नॉर्मन क्रॉसचे महत्त्व विशेष आहे. युद्धकैद्यांसाठीच मुद्दाम बांधलेले हे पहिले आगार होय. समुद्रापासून दूर, पण लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत ही जागा निवडण्यात आली. लाकडी इमारती घाईने उभारून एप्रिल १७९७ मध्ये पहिले कैदी येथे आणले गेले. पाच ते सात हजार माणसे या आवारात एका वेळी राहत. १८००-०१ च्या साथीत हजाराहून अधिक कैदी मृत्यू पावले. आगाराच्या सबंध आयुष्यातील मृतांची संख्या सुमारे १,७७० आहे, हे ध्यानी घेता त्या एका हिवाळ्याची भीषणता कळून येते. येथील कैद्यांच्या हस्तकौशल्याचा सर्वांत मोठा संग्रह आज जवळच्या पीटरबरो येथील संग्रहालयात आहे, आणि टॉमस जेम्स वॉकर या तेथील शल्यविशारदाने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ या आगाराच्या इतिहासाचा अद्यापही पाया समजला जातो.

आता कच्च्या मालाकडे वळता येईल. कैद्याला दररोज दीड पौंड पाव आणि आठवड्यातील पाच दिवस सुमारे अर्धा पौंड गोमांस मिळे. दोन दिवस मांसाऐवजी मासे व बटाटे असत. हजारो माणसांचे मांस सामाईक भटारखान्यात शिजत असल्यामुळे हाडांचा ढीग रोज पडे आणि त्यावर कोणाची मालकी नसे. हाड उकळून त्यातील चरबी काढून टाकल्याशिवाय ते कामास येत नाही. चरबी राहिली तर ते पिवळे पडते. स्वच्छ केलेल्या नळीच्या हाडाच्या उभ्या चिरा पाडून, घासून पातळ पट्ट्या काढीत. अशी पट्टी ओलसर असता थोडीशी वाकते, म्हणून लाकडी गाभ्याच्या वळणावर ती बसविता येते. मात्र तिच्यात खिळा ठोकल्यास ती तडकते. आधी सूक्ष्म छिद्र पाडून मग त्यात पितळी तारेचा तुकडा बसवावा लागे. एकेका नौकेच्या अंगावर अशा शेकडो टाचण्या आढळतात. हाडाची एक अडचण येथे कारागिराच्या पथ्यावर पडली. बैलाच्या पायाच्या नळीतून वीतभर लांबीहून मोठी सरळ पट्टी मिळणे कठीण. त्यामुळे मोठ्या नौकेला तुकडे जोडीत जावे लागे. परंतु खरे लाकडी जहाजही अखंड फळ्यांचे नसते, तुकड्यास तुकडा भिडवूनच त्याची बाजू बांधलेली असते. सामग्रीची उणीव आणि जहाजबांधणीची रीत या ठिकाणी एकमेकींशी जुळल्या.

तोफांचे तोंड काळ्या पट्ट्यांत उठून दिसावे म्हणून देवमाशाच्या जबड्यातील पात्यांचा किंवा शिंगाचा उपयोग करीत. जहाजाचा बुडता भाग कित्येकदा तांब्याच्या पत्र्याने मढविलेला दिसतो. त्या काळी खऱ्या युद्धनौकांचे तळ समुद्रकिड्यांपासून वाचविण्यासाठी तांब्याने मढवीत असत, त्याचेच हे अनुकरण. काही नौकांच्या पिछाडीस दोऱ्यांची टोके बाहेर काढलेली आहेत. ती ओढली असता सगळ्या तोफा एकदम आत जातात आणि सोडली की पुन्हा बाहेर येतात. लढाईत तोफ डागल्यावर मागे हटते, त्याचे हे रूपांतर. खरेदीदाराच्या मुलांना त्यातून किती आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते.

दोरकामाविषयी संग्रहालयांतील पाट्यांवर एक विधान नेहमी आढळते, ते म्हणजे सगळा दोर माणसाच्या केसांचा आहे. या विधानाची थोडी गणिती परीक्षा घ्यावयास हरकत नाही. जाक-नोएल साने याने आखलेल्या चौऱ्याहत्तर तोफांच्या फ्रेंच जहाजाची तोफमजल्यावरील लांबी सुमारे ५६ मीटर होती. त्याची नौका २८ सेंटिमीटरांची केली तर प्रमाण दोनशेस एक असे पडते. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर मूळ जहाजात सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाचे. नौकेत ते ०.३ मिलिमीटर भरावयास हवेत. परबाणे फिरविण्याचे व शिडे आवरण्याचे बारीक दोर मूळचे दोनएक सेंटिमीटरांचे, नौकेत ०.१ मिलिमीटर. मानवी केसाची जाडी याच्याच आसपास असते. म्हणजे बारीक दोरांसाठी केस हा केवळ नाइलाजाचा नव्हे, तर प्रमाणाच्या दृष्टीने अगदी योग्य पदार्थ होता; जाड दोरांसाठी मात्र तो पुरा पडणार नाही, तेथे पीळ घातलेले सूत किंवा रेशीमच हवे. दोरकाम पुष्कळदा नंतरच्या दुरुस्त्यांत बदलले गेले आहे, हेही लक्षात ठेवावयास हवे. संग्रहालयातील पाटीने सरसकट केसांचा उल्लेख करणे हे कारुण्याच्या ओढीने झालेले आहे.

कारागिरी इतकी सूक्ष्म असता या नौका मापाशी इमान राखतात काय? येथे दुसऱ्या एका परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी जहाजांचे लाकडी नमुने तयार होत. त्यांत मुळातील एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, हे प्रमाण सामान्यतः काटेकोरपणे पाळले जाई आणि आतील वाक दिसावेत म्हणून तळाचा भाग उघडा ठेवीत. अशा नमुन्यावरून जहाजाच्या बांधणीचा अभ्यास करता येतो. कर्नल हेन्री हडलस्टन रॉजर्स याने १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲनापोलिस येथील नौदल अकादमीस दिलेल्या संग्रहामुळे असे नमुने आणि कैद्यांच्या अस्थिनौका एकाच संस्थेत पाहण्याची सोय झाली आहे. तेथे दोहोंतील भेद डोळ्यांत भरतो. अस्थिनौकेच्या डोलकाठ्या उंच व भक्कम, नाळेवरील मूर्ती अवाढव्य, तोफा गरजेपेक्षा ठसठशीत असतात. वर घेतलेल्या प्रमाणाने तीन मीटर लांबीची तोफ दीड सेंटिमीटर व्हावयास हवी. परंतु ती तेवढीच ठेवली तर तिचे फक्त तोंड डोकावते आणि नौका दरारा उत्पन्न करीत नाही. म्हणून तोफा फुगल्या. जहाजांची निवडही अशीच बोलकी आहे. त्या काळच्या आरमारांचा कणा चौऱ्याहत्तर तोफांचे दोनमजली जहाज हा होता. शंभराहून अधिक तोफांची तीनमजली जहाजे बोटांवर मोजण्याइतकी असत. अस्थिनौकांत मात्र तीनमजल्यांचे प्रमाण आरमारातील त्यांच्या प्रमाणाहून उघडच अधिक दिसते.

‘प्रतिकृती’ हा शब्द या वस्तूंस लावताना म्हणूनच थोडे अडखळावयास होते. प्रतिकृतीत मुळाशी निष्ठा गृहीत असते. येथे निष्ठा आहे ती खरेदीदाराच्या मनातील जहाजाशी. कैद्याजवळ आराखडे नव्हते हे खरे. पण ज्याला आठवणीतून शेकडो दोरांचा मेळ बरोबर बसविता येतो, त्याला तोफेची लांबी आठवत नसेल, असे मानणे कठीण आहे. ज्याने आपल्या आठवणीसाठी जहाज घडविले असते, त्याने ते असे घडविले नसते.

बाजाराचा विचार येथे अपरिहार्य होतो. नॉर्मन क्रॉस येथे आगाराच्या वेशीत ठरावीक वेळी बाजार भरे. आजूबाजूचे शेतकरी भाजी, अंडी, तंबाखू आणीत. कैदी आपल्या वस्तू मांडीत. डार्टमूरलाही तशीच व्यवस्था होती. सोंगट्या, डॉमिनोच्या पेट्या, बुद्धिबळाचे संच, सूत कातणाऱ्या बाईची फिरती खेळणी, रंगीत गवताच्या कोंदणकामाच्या पेट्या, असा तो माल असे. हाडाचे गिलोटिन, तेही वरखाली होणाऱ्या पात्यासह, हा या मालातील एक लोकप्रिय प्रकार होता. फ्रेंच शिपायाने आपल्या देशाच्या गिलोटिनाचे खेळणे इंग्रज शेतकऱ्यास विकावे, यात घरची ओढ शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. मागणी मात्र तात्काळ सापडते.

परंतु या बाजाराला एक कुंपण होते आणि या विषयाचे मर्म तेथे आहे. गवताच्या वेण्या वळून त्यांच्या टोप्या करण्याचा धंदा बेडफर्डशायर व हर्टफर्डशायर भागात हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा होता. युद्धामुळे इटलीहून येणारा माल आटला आणि वेण्यांचे भाव चढले. कैद्यांना हे काम उत्तम साधे. पण त्यांना घरभाडे नाही, कर नाही, गरिबांसाठीची पट्टी नाही. अशांच्या मालाशी स्थानिक मजुराने स्पर्धा कशी करावी, अशी तक्रार होऊन मंडळाने कैद्यांच्या वेणीकामावर बंदी घातली. लोकरी वस्तू व इतर काही जिन्नसही निषिद्ध ठरले. बंदी झाली तरी व्यापार थांबला नाही. पहाऱ्यावरचे शिपाईच अंगाभोवती वेण्या गुंडाळून बाहेर नेत आणि सापडले की शिक्षा भोगीत. क्रांतीतून परागंदा होऊन स्टिल्टन येथे राहिलेल्या मुलँच्या बिशपाची कैद्यांकडे ये-जा असे. त्यांच्या पदरी असलेला एक तरुणही या चोरट्या व्यापारात गुंतल्याचे उघडकीस आले. वडिलांच्या पलटणीबरोबर बालपणी येथे राहिलेल्या जॉर्ज बॉरो या लेखकाने १८५१ च्या आपल्या ग्रंथात वेण्यांच्या झडत्यांचे जे संतप्त वर्णन केले आहे, त्यातही या बंदीचा काच जाणवतो.

आता हाडाकडे पुन्हा पाहावे. हाड फुकट होते. हाडाच्या नौका करणारा कोणताही इंग्रज धंदेवाला समाज नव्हता, की ज्याचे नुकसान होऊन तक्रार व्हावी. ज्या वस्तूला गिऱ्हाईक होते पण प्रतिस्पर्धी नव्हता, अशी ती वस्तू होती. कैद्यांतील अनेकांनी नौका हे रूप निवडले त्यात त्यांच्या पूर्वायुष्याचा वाटा असेल. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील खलाशी नोंदणीने आरमारात ओढले जात आणि १७९८ च्या कायद्यानंतर सक्तीच्या भरतीने सोनार, घड्याळजी, सुतारही सैन्यात आले. दिएप बंदरातील हस्तिदंतकामाची जुनी परंपराही या संदर्भात सांगितली जाते. कौशल्य कोठून आले हे त्यावरून समजते. ते या विशिष्ट वस्तूकडे का वळले, याचे उत्तर मात्र वेशीवरील निषिद्ध वस्तूंच्या यादीत शोधावे लागते.

मोठी नौका एका माणसाचे काम असण्याचा संभवही कमी आहे. कोरीवकाम, पट्ट्या बसविणे, दोरकाम ही भिन्न कौशल्ये आहेत, आणि एकाच नौकेत त्यांचा दर्जा कधी कधी इतका भिन्न असतो की निरनिराळे हात ओळखू येतात. डार्टमूरच्या फ्रेंच कैद्यांनी आपल्यातील वर्गांना नावे ठेवली होती, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. घरून पैसा येणाऱ्यांना ते इंग्रजी शब्द उसना घेऊन ‘लॉर्ड’ म्हणत. त्यांच्या खाली हाताने काम करून कमावणारे. त्याखाली उदासीन, मग दरिद्री. आणि सर्वांच्या तळाशी ‘रोमन’. जुगारात कपडे व शिधासुद्धा हरून बसलेले हे लोक इमारतीच्या माळ्यावर जवळजवळ उघडे राहत. त्या माळ्याला ‘कॅपिटॉल’ म्हणत, म्हणून तेथले रहिवासी रोमन. अशा क्रूर विनोदाच्या परिभाषेत अस्थिनौका घडविणारा माणूस वरून दुसऱ्या पायरीवर होता, आणि खालच्या पायऱ्या त्याला रोज दिसत होत्या. नौकेसाठी हाडे घासण्यात जो धीर दिसतो, त्याचे एक कारण हेही असावे.

नौकांवरील नावांचा प्रश्न अभ्यासकास अधिक गोंधळात टाकतो. पिछाडीवरील पट्टीवर कित्येकदा इंग्रज जहाजाचे नाव असते. ‘व्हिक्टरी’ हे त्यांत प्रिय. नाळेवर मात्र शिरस्त्राण घातलेला योद्धा उभा असतो, जो फ्रेंच धाटणीचा आहे. आकृती एका भाषेत व नाव दुसऱ्या भाषेत, असा हा प्रकार. ऑक्टोबर १८०५ मध्ये ट्रफॅल्गर येथे फ्रेंच-स्पॅनिश आरमाराने ३३ पैकी १८ जहाजे गमावली. त्यानंतर त्या लढाईतील विजयी जहाजाचे नाव पराभूत पक्षाच्या कैद्याने हाडावर कोरावे, यात इंग्रज गिऱ्हाइकाची आवड स्पष्ट वाचता येते. परंतु नाव इंग्रज म्हणून वस्तू इंग्रज जहाजाची, किंवा नाव फ्रेंच म्हणून जहाज फ्रेंच, असेही म्हणता येत नाही, कारण त्या काळी जहाजांप्रमाणे नावेही पकडली जात. ‘तेमेरेर’ हे फ्रेंच जहाज ब्रिटिशांनी १७५९ मध्ये लागोसच्या लढाईत पकडले. पुढे १७९८ मध्ये त्यांनी स्वतः बांधलेल्या अठ्ठ्याण्णव तोफांच्या जहाजाला तेच नाव दिले, ते ‘टेमरेर’ ट्रफॅल्गरला ‘व्हिक्टरी’च्या पाठोपाठ लढले, आणि १८१३ च्या अखेरीस प्लिमथजवळ त्याचे तरंगत्या तुरुंगात रूपांतर करण्यात आले. पोर्ट्समथच्या ज्या ‘प्रोते’ या तुरुंगनौकेवर चित्रकार लुई गार्नरे कैदेत होता, तीही मुळात पकडलेली फ्रेंच युद्धनौका होती.

राष्ट्रीयत्वाची पाटीही सावधपणेच लावली पाहिजे. ऑक्टोबर १७९७ च्या कँपरडाउनच्या लढाईनंतर नॉर्मन क्रॉसला डच खलाशी मोठ्या संख्येने आले, आणि १८०७ नंतर तरंगत्या तुरुंगांत डेनही होते. ‘फ्रेंच कैद्याची कृती’ हे शब्द संग्रहालयात सवयीने लिहिले जातात.

राहिला प्रश्न कारागिराच्या नावाचा. नौकेवर जहाजाचे नाव असते, कधी पेटीवर पुढील मालकाचे असते. घडविणाऱ्याचे जवळजवळ कधीच नसते. बाजारात विकावयाच्या मालावर सही करण्याचे कारण नव्हते आणि गिऱ्हाइकाला ती नको होती. याच आगारातील हाताच्या कसबाची दोन नावे मात्र पक्की नोंदली गेली आहेत, आणि ती न्यायालयामुळे. निकोला देशाँ व जाँ रुबिलार या दोघा कैद्यांनी एक पौंडाच्या नोटा बनावट तयार केल्याचा आरोप येऊन १८०५ मध्ये हंटिंग्डनच्या न्यायसत्रात त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. ती अमलात आली नाही. ते गावच्या तुरुंगातच राहिले आणि १८१४ मध्ये माफी मिळून मायदेशी गेले. त्याच उन्हाळ्यात नॉर्मन क्रॉस रिकामे झाले. १८१६ मध्ये तेथील लाकडी इमारती विकून टाकण्यात आल्या.